सुट्टीसाठी ऑनलाइन अपार्टमेंट बुक करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी आणलेत. आधी बुकिंगच्या आधीचे, मग पैशांचे, मग गडबड झाल्यावरचे. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत उगाळलं नाहीये, नुसता प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढं वर-खाली करावं लागेल.

१. हॉटेल सोडून अपार्टमेंट घेतलं तर नेमकी रिस्क कुठे वाढते?

हॉटेलात रूम आवडली नाही तर खाली रिसेप्शनला जाऊन भांडता येतं, दुसरी रूम मिळते. अपार्टमेंटमध्ये रिसेप्शनच नसतं. मालक कुठेतरी दुसऱ्या शहरात, चावी लॉकबॉक्समध्ये (दाराजवळची कोडने उघडणारी छोटी पेटी), आणि तुम्ही बॅगा घेऊन दाराबाहेर. त्यामुळे जे हॉटेलात पोचल्यावर निस्तरता येतं ते इथे बुकिंगच्या आधी निस्तरावं लागतं. आणि एक गोष्ट, लोकांना वाटतं की सगळी भानगड फ्रॉडचीच असते, पण येणाऱ्या तक्रारी बघितल्या तर सरळ फसवणूक कमी आणि न वाचलेल्या ओळी जास्त असं दिसतं. चौथा मजला, लिफ्ट नाही हे लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या त्या जागेच्या जाहिरातीत, लिहिलेलं असतं हो, पण ते "आणखी वाचा" वर क्लिक केल्यावर सतराव्या ओळीत.

२. कुठल्या साइटवरून बुक करावं? नवीन साइट खरी आहे की नाही हे कसं ओळखू?

मोठ्या प्लॅटफॉर्मचा फायदा असा की पैसे लगेच मालकाच्या खिशात जात नाहीत. उदाहरणार्थ एअरबीएनबी होस्टला, म्हणजे जागा देणाऱ्याला, पैसे साधारण चेक-इनच्या ठरलेल्या वेळेनंतर २४ तासांनी सोडतं. म्हणजे तुम्ही पोचलात, दार उघडलं आणि आत वेगळंच काही दिसलं तरी पैसे अजून मध्येच आहेत, ही तुमची सगळ्यात मोठी ताकद. बुकिंग डॉट कॉमवर काही जागांचे पैसे प्लॅटफॉर्म घेतो, काहींचे मालक स्वतः घेतो, तर कोण घेणार आहे ते बुकिंग करतानाच बघा.

अनोळखी साइट असेल तर पत्त्याची पट्टी नीट वाचा. नकली साइट्स खऱ्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करतात किंवा मागे "हॉलिडे", "सिक्युअर", "बुकिंग्स" असं शेपूट लावतात. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून साइट खरी असं काही नसतं, ते फक्त कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे एवढंच सांगतं, चोराच्या साइटलाही ते फुकट मिळतं. डोमेन कधी रजिस्टर झालं ते हूइज सर्चमध्ये (डोमेनची नोंद दाखवणारा ऑनलाइन शोध) दिसतं. "वीस वर्षांचा अनुभव" लिहिलंय आणि डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं, मग पुढे काही बघायची गरजच नाही. जाहिरातीतून किंवा मेसेजमधल्या लिंकवरून न जाता ॲप उघडून किंवा पत्ता स्वतः टाईप करून जायची सवय लावा.

३. लिस्टिंग फेक आहे हे आधीच कळण्याची काही खूण?

एकच अशी खूण नाही, पण दोन-तीन एकत्र दिसल्या की लांब राहायचं. आजूबाजूच्या तशाच जागांपेक्षा निम्मी किंमत. प्रोफाइल गेल्या महिन्यातलं, रिव्ह्यू शून्य, पण एकाच माणसाच्या नावावर पाच शहरांत आलिशान फ्लॅट. गर्दीच्या सीझनमध्ये सगळं शहर भरलेलं आणि हीच एक जागा सगळ्या तारखांना रिकामी.

फोटो उलटे शोधायला शिका, हे सगळ्यात कामाचं. गुगल लेन्स किंवा टिनआयवर फोटो टाकला की तोच फोटो आणखी कुठे आहे ते दिसतं. तोच हॉल जर दुसऱ्या शहरातल्या घरविक्रीच्या जाहिरातीत निघाला तर विषय संपला. मात्र तोच फ्लॅट, तेच फोटो, पण दोन-तीन प्लॅटफॉर्मवर दिसले तर घाबरू नका, मालक एकाच वेळी अनेक ठिकाणी जागा टाकतात. (त्यातून होणाऱ्या वेगळ्या घोळासाठी प्रश्न १४.)

रिव्ह्यू नसलेली प्रत्येक जागा फेक नसते बरं का, प्रत्येक चांगल्या जागेला पहिला पाहुणा कधीतरी लागतोच. पण तो पहिला पाहुणा तुम्ही व्हायचं की नाही हे, लहान मुलं सोबत आहेत का आणि रात्री अकराला पोचणार आहात का, यावर ठरवा.

४. फोटो खरे असतात, तरी जागा तशी निघत नाही. असं कसं?

कारण फोटो वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात आणि त्यात खोली ताणलेली दिसते. फोटोच्या कडेला असलेल्या गोष्टी बघा, कडेची खुर्ची किंवा फ्रीज आडवा ओढल्यासारखा दिसत असेल तर खोली तेवढी मोठी नाही. अंदाज घ्यायचा तर बेडवरून घ्या. बेड आणि भिंत यांच्यात किती जागा उरलीय? कपाटाचं दार पूर्ण उघडेल का? मोठी बॅग जमिनीवर उघडून ठेवता येईल का?

आणि जे दाखवलंय त्यापेक्षा जे दाखवलं नाही ते जास्त बोलतं. समजा बारा फोटो आहेत. त्यातले पाच समुद्राचे, दोन गल्लीतल्या कॅफेचे, एक फुलदाणीचा, एक कॉफी मगचा जवळून. राहिले तीन, त्यात हॉल दोनदा आणि बेड एकदा. बाथरूम कुठाय? किचनचा ओटा कुठाय? दुसरी बेडरूम लिहिलीय ती कुठाय? अशा वेळी होस्टला सरळ मेसेज करून तेवढेच फोटो मागायचे. चांगला होस्ट तासाभरात पाठवतो. जो "काळजी करू नका, सगळं छान आहे" एवढंच पाठवतो त्याच्या बाथरूमबद्दल जे समजायचं ते समजून घ्या.

"सी व्ह्यू" लिहिलं असेल तर फोटो बाल्कनीच्या आतून काढलाय की बाहेर वाकून, तेही बघा. कठडा फोटोत दिसत असेल तर ठीक.

५. ४.८ रेटिंग होतं तरी जागा बेकार निघाली. मग रिव्ह्यूंवर विश्वास ठेवायचा की नाही?

आकड्यावर कमी, मजकुरावर जास्त. भाड्याच्या घरांत लोक भिडेखातर पाच स्टार देतात, मालक बिचारा भेटला, चहापाणी विचारलं, आता चार कसे देणार. त्यामुळे ४.८ म्हणजे उत्तम असं नाही, बऱ्याच ठिकाणी ४.८ म्हणजे ठीकठाक. बुकिंग डॉट कॉमवर मोजपट्टी दहाची, त्यामुळे दोन साइटचे आकडे एकमेकांशी लावू नका.

नवीन रिव्ह्यू आधी वाचा, कारण शेजारी बांधकाम सुरू झालेलं किंवा गादी बसलेली हे जुन्या रिव्ह्यूत येणार नाही. मग तीन-चार स्टारवाले वाचा, खरी माहिती तिथेच असते. आणि गोड भाषेत लिहिलेली तक्रार ओळखायला शिका: "होस्टने गरम पाण्याचा प्रॉब्लेम लगेच सोडवला", "परिसर खूप जिवंत आहे", "तरुण मंडळींसाठी मस्त", "इअरप्लग दिले होते हे आवडलं". एक जण म्हणाला वायफाय स्लो तर सोडून द्या, वेगवेगळ्या महिन्यांतले तीन जण म्हणाले तर ते खरंच स्लो आहे. रिव्ह्यूंमध्ये "आवाज", "वास", "लिफ्ट", "गरम पाणी" असे शब्द सर्च करता येत असतील तर दोन मिनिटांचं काम आहे. वाईट रिव्ह्यूला मालक काय उत्तर देतो तेही वाचा, पाहुण्यावर तुटून पडणारा मालक उद्या तुमच्यावरही पडेल.

६. पत्ता न देता नकाशावर नुसता गोल दाखवतात. यात काही काळंबेरं असतं का?

नाही, मालकाच्या घराच्या सुरक्षेसाठी बरेच प्लॅटफॉर्म नेमका पत्ता बुकिंग कन्फर्म झाल्यावरच देतात. पण गोलाचा मधला बिंदू म्हणजे घर असं धरून चालू नका, घर त्या गोलात कुठेही असू शकतं, अगदी हायवेच्या पलीकडे पण. "स्टेशनपासून ५ मिनिटं" असेल तर चालत की गाडीने, हे विचारा. विचारताना खुणेचं ठिकाण विचारा, घर नंबर नको, ते सांगायला होस्टलाही अडचण नसते. पत्ता मिळाल्या मिळाल्या स्ट्रीट व्ह्यूवर जाऊन इमारत फोटोतल्या खिडक्यांशी जुळते का बघा, फ्री कॅन्सलेशनची मुदत अजून चालू असेल तर हे काम त्या मुदतीतच उरकायचं.

७. बुकिंगच्या आधी होस्टला काय काय विचारावं?

जे लिस्टिंगमध्ये आहे ते विचारू नका, उत्तर "कृपया वर्णन वाचा" येतं आणि ते बरोबरच आहे. जे तुमच्यासाठी अडणारं आहे तेच विचारा. आई-वडील सोबत असतील तर बाहेरच्या दारापासून बेडपर्यंत एकूण किती पायऱ्या, लिफ्टच्या आधी अर्धा जिना तर नाही ना. उन्हाळा असेल तर एसी कुठल्या खोलीत आहे, कारण "एसी आहे" म्हणजे फक्त हॉलमध्ये असू शकतो. उशिरा पोचणार असाल तर चावी कोण देणार, लॉकबॉक्स असेल तर कोड कधी मिळणार, आणि विमान लेट झालं तर. सहा जणांची सोय लिहिलीय त्यात सोफा-बेडवर किती. आजूबाजूला बांधकाम चालू आहे का, हा प्रश्न कायम विचारा, कारण याचं उत्तर लेखी मिळालं की नंतर कामाला येतं.

हे सगळं प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्येच विचारा, फोनवर नको. फोनवर दिलेला शब्द नंतर कुणालाच आठवत नाही.

८. होस्ट म्हणतोय प्लॅटफॉर्मबाहेर थेट पैसे पाठवा, १५ टक्के सूट देतो. घ्यावी का?

नको. काही होस्ट खरंच कमिशन वाचवायला असं म्हणतात, सगळेच चोर नसतात, पण तुमच्या बाजूने बघितलं तर फरक काहीच पडत नाही. बाहेर पैसे दिले की प्रश्न २ मधली ती ताकद गेली, प्लॅटफॉर्मचा सपोर्ट (मदत विभाग) म्हणणार आमच्याकडे बुकिंगच नाही, रिफंडचा नियम लागू नाही, रिव्ह्यूसुद्धा टाकता येत नाही. शिवाय बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमात हे बसत नाही, अकाउंट बंद होऊ शकतं.

बँक ट्रान्सफर, वायर, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो असं काही मागितलं तर चर्चाच करू नका. गिफ्ट कार्डने कुठल्याच खऱ्या घराचं भाडं भरलं जात नाही. अजून एक चाल म्हणजे पहिल्याच मेसेजला "मी इथे कमी असतो, व्हॉट्सॲपवर या". तिकडे गेलात की मग एक लिंक येते, हुबेहूब प्लॅटफॉर्मसारखं पेज, पेमेंट करा, कन्फर्मेशनचा ईमेलपण छान लोगोसकट. खरं बुकिंग असेल तर ते तुमच्या ॲपमध्ये "ट्रिप्स" खाली दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर बुकिंग झालेलंच नाही, मग ईमेल कितीही देखणा असो.

अपवाद एकच: एखाद्या मालकाची किंवा एजन्सीची स्वतःची वेबसाइट असते आणि तुम्ही पहिल्यापासून तिथेच बुक करताय. हे चालतं, पण लेखी करार, कंपनीचं नाव-पत्ता, आणि पेमेंट क्रेडिट कार्डने. ज्याच्या नावावर करार त्याच्याच नावावर पैसे जाताहेत ना, तेही बघा.

९. बुकिंग झालं, आता ॲपच्या चॅटमध्येच मेसेज आलाय की कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर बुकिंग रद्द. ॲपमध्ये आलाय म्हणजे खरा ना?

इथे भले भले फसतात. होस्टचं किंवा हॉटेलचं अकाउंट हॅक झालेलं असतं, त्यामुळे मेसेज खऱ्या चॅटमध्ये येतो, तुमचं नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर. मजकूर साधारण असा: "प्रिय पाहुणे, तुमचं पेमेंट सिस्टिममध्ये अडकलंय, १२ तासांत खालील लिंकवर कार्ड व्हेरिफाय करा, रक्कम लगेच परत मिळेल." लिंक मात्र बाहेरची.

लिंकला हात लावू नका. ॲपमध्ये बुकिंग उघडून पेमेंटचं स्टेटस बघा, तिथे "पेड" किंवा "कन्फर्म्ड" असेल तर काहीच करायचं नाहीये. शंका असेल तर ॲपच्या मेनूतून सपोर्टला विचारा, मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका, आणि सर्च करून मिळालेल्या "कस्टमर केअर" नंबरवर तर अजिबात नाही. कार्डाची माहिती टाकून झाली असेल तर हा परिच्छेद नंतर वाचा, आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा.

१०. यादीत एक किंमत दिसते आणि शेवटी भलतीच होते. हे पैसे कुठून येतात?

क्लीनिंग फी, सर्व्हिस फी, कर, जास्तीच्या पाहुण्याचे पैसे, कधी चादरी-टॉवेलचे वेगळे. क्लीनिंग फी एकदाच लागते, त्यामुळे दोन रात्रींसाठी ती अंगावर येते आणि दहा रात्रींत विरघळून जाते. म्हणून तुलना करताना एकूण रक्कम भागिले रात्री, एवढंच गणित करा. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून नियमच आलाय की अशा भाड्यांची किंमत दाखवताना बंधनकारक फी धरून एकूण रक्कम दाखवायची, पण सरकारी कर त्यातून वगळता येतात, तेव्हा शेवटचं पान बघावंच लागतं.

युरोपातल्या बऱ्याच शहरांत सिटी टॅक्स असतो, माणशी आणि रात्रीप्रमाणे, आणि कधीकधी तो पोचल्यावर मालकाला रोख द्यावा लागतो. हा फ्रॉड नाही. पण तो लिस्टिंगमध्ये लिहिलेला असला पाहिजे, नसेल तर पावती मागा.

करन्सीचं पण बघा. पेमेंटच्या पानावर "तुमच्या करन्सीत द्या" असा पर्याय आला तर त्यात बहुतेक वेळा कन्व्हर्जनचं मार्जिन लावलेलं असतं. जागेच्या मूळ करन्सीत देऊन कन्व्हर्जन कार्डावर सोडलेलं बऱ्याचदा स्वस्त पडतं, अर्थात तुमच्या कार्डाची फॉरेक्स फी किती त्यावर आहे.

११. "फ्री कॅन्सलेशन" म्हणजे कधीही रद्द केलं तरी सगळे पैसे परत?

अजिबात नाही, त्याला मुदत असते आणि ती प्रत्येक जागेची वेगळी. कुठे चेक-इनच्या आदल्या दिवसापर्यंत, कुठे पाच दिवस आधी, कुठे महिनाभर. मुदतीची वेळ सहसा त्या जागेच्या स्थानिक घड्याळाने मोजतात, तुमच्या नाही, तेव्हा दुसऱ्या टाइमझोनमधली जागा असेल तर शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. बुक केल्या केल्या मुदतीच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावून टाका. पॉलिसीच्या पानाचा स्क्रीनशॉट पण घ्या.

काहींना वाटतं ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करता येते तसं हेही. युरोपियन युनियनमध्ये तो हक्क आहे खरा, पण ठराविक तारखांच्या सुट्टीच्या मुक्कामाला तो कायद्यानेच वगळलेला आहे. म्हणजे पॉलिसीत जे लिहिलंय तेच.

नॉन-रिफंडेबल स्वस्त पडतं हे खरंय. विमानाची तिकिटं, रजा, सगळं पक्कं असेल तरच.

१२. आजारी पडलो, किंवा व्हिसाच नाही मिळाला. तरी पैसे बुडतात?

बहुतेक वेळा हो. प्लॅटफॉर्मच्या "मोठ्या संकटांच्या" पॉलिसीत नैसर्गिक आपत्ती, सरकारी प्रवासबंदी, साथ असं येतं, तुमचं वैयक्तिक आजारपण त्यात बसत नाही, एअरबीएनबीच्या पॉलिसीत तर ते स्पष्ट वगळलेलं आहे. व्हिसा नाकारला जाणं हीसुद्धा पाहुण्याची बाजू धरतात. उपाय दोनच, व्हिसा हातात येईपर्यंत फ्री कॅन्सलेशनवालीच जागा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स. इन्शुरन्स घेताना ट्रिप कॅन्सलेशन त्यात आहे का, आणि आधीपासून असलेला आजार चालतो का, ते वाचून घ्या, नुसता मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स इथे कामाचा नाही. होस्टला नम्रपणे विचारून बघायला मात्र हरकत नाही. तारखा परत भरल्या गेल्या तर काही जण स्वतःहून परत देतात.

१३. ती जागा बेकायदेशीर असेल तर त्याचा मला काय त्रास? दंड मालकाला होईल ना?

दंड मालकाला, पण डोक्यावरचं छप्पर तुमचं जातं. जपानमध्ये जून २०१८ मध्ये घरगुती मुक्कामाचा नवा कायदा लागू झाला, त्याच्या तोंडावर परवाना नसलेल्या जागांची बुकिंग्स रद्द झाली आणि लोकांना ऐन प्रवासाच्या आधी नवीन जागा शोधाव्या लागल्या. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी होस्टची नोंदणी लागते, होस्टने स्वतः तिथे राहायला लागतं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे तिथे चार जणांना आठवड्यासाठी "अख्खा फ्लॅट" कुणी देत असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. बार्सिलोनाने पर्यटक अपार्टमेंटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय.

तपासायला सोपं आहे: नोंदणी लागणाऱ्या शहरांत लिस्टिंगवरच नंबर असतो. इटलीत त्यासाठी राष्ट्रीय कोड आहे, स्पेनमध्ये जुलै २०२५ पासून प्लॅटफॉर्मवर नोंदणी क्रमांक लागतो. नंबर नसेल तर विचारा. आणि होस्ट म्हणाला की "कुणी विचारलं तर आम्ही मालकाचे मित्र आहोत असं सांगा", तर समजून जा आणि दुसरी जागा बघा.

१४. दोन दिवसांवर ट्रिप आणि होस्ट म्हणतो डबल बुकिंग झालंय, तुम्हीच रद्द करा. काय करू?

तुम्ही रद्द करू नका, हे पहिलं. तुम्ही बटण दाबलं की ते पाहुण्याने केलेलं कॅन्सलेशन धरलं जातं, तुमच्यावर पॉलिसी लागते आणि त्याच्या रेकॉर्डवर डाग पडत नाही. त्याला म्हणा "तुमच्याकडून रद्द करा", आणि तेही चॅटमध्ये. तो टाळाटाळ करायला लागला तर चॅटसकट सपोर्टकडे जा.

डबल बुकिंग खरंही असतं. एकच फ्लॅट तीन साइटवर असतो आणि कॅलेंडर एकमेकांशी जुळायला वेळ लागतो, तेवढ्यात दोघं बुक करतात. पण "पाइपलाइन फुटली, पण काळजी नको, जवळच आमचा दुसरा फ्लॅट आहे" हे ऐकलं की कान टवकारा. दुसऱ्या फ्लॅटची लिंक, फोटो, पत्ता, किंमत मागा. आवडला तर बदल प्लॅटफॉर्ममधून रीतसर करून घ्या, तोंडी नाही, कारण तोंडी गेलात तर तुमचं बुकिंग एका जागेचं आणि मुक्काम दुसऱ्या जागी, पुढे तक्रार कशाची करणार.

होस्टकडून रद्द झालं की पूर्ण रिफंड मिळतो, पण तो कार्डावर यायला काही दिवस जातात आणि तोपर्यंत नवीन जागेचे पैसे तुम्हालाच घालावे लागतात. म्हणून कार्डावर थोडी लिमिट शिल्लक ठेवून निघा. सपोर्टला पर्यायी जागा शोधून द्यायला सांगा, काही वेळा फरकाची रक्कमही देतात, मागितल्याशिवाय मात्र नाही.

१५. होस्ट पासपोर्टची कॉपी मागतोय. द्यायची का?

कुठल्या देशात आहात त्यावर आहे. इटली, स्पेन, पोर्तुगालसारख्या देशांत पाहुण्यांची माहिती पोलिसांना किंवा सरकारला कळवणं मालकाला कायद्यानेच भाग आहे, तेव्हा मागणी रास्त आहे. पण बुकिंग कन्फर्म होण्याच्या आधी मागत असेल तर नाही द्यायची. माहितीवर भागत असेल तर फोटोऐवजी नाव, नंबर, जन्मतारीख लिहून द्या, किंवा समोरासमोर दाखवा. कॉपी द्यावीच लागली तर त्यावर आडवं "फक्त अमुक मुक्कामासाठी" आणि तारीख लिहून द्या. कार्डाचा फोटो मात्र कुणालाही, कधीही नाही.

१६. पोचलो तर जागा घाण, किंवा लिस्टिंगपेक्षा वेगळीच. आता?

बॅगा उघडायच्या आधी मोबाइल काढा. दारापासून सुरुवात करून सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ, नळ उघडून, गादीवरची चादर उचलून, फ्रीज उघडून. मग होस्टला ॲपमध्ये मेसेज, फोटोंसकट, आणि काय हवंय ते स्पष्ट: साफसफाई, दुरुस्ती की रिफंड. त्याला थोडा वेळ द्या, दोन-तीन तास, रात्र असेल तर सकाळपर्यंत, काय निघालंय त्यावर. नाही झालं तर सपोर्ट. एअरबीएनबीवर प्रॉब्लेम लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, इतर ठिकाणची मुदत तिथल्या नियमात बघा, पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीच कळवा. पाच रात्री राहून सहाव्या दिवशी "ढेकूण होते हो" म्हटलं तर कोण ऐकणार.

सोडून जायचं ठरलं तर आधी सपोर्टकडून लेखी घ्या की रिफंड मिळणार आहे. रागाच्या भरात निघून गेलात तर ते तुम्हीच मुक्काम आवरता घेतला असं धरलं जाऊ शकतं. यात अपवाद जिवाला धोका असेल तेव्हा, गॅसचा वास, दाराला कडीच नाही, आत अनोळखी माणूस. तेव्हा आधी बाहेर पडा, कागदपत्रं नंतर.

१७. घरात कॅमेरा असू शकतो का?

एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर बंदी घातलीय, हॉलमधल्या, लिस्टिंगमध्ये सांगितलेल्या कॅमेऱ्यांवरसुद्धा. बाहेरच्या दारावरचा चालतो, पण आधी सांगितलेला हवा. इतर ठिकाणी नियम वेगळे, लिस्टिंगमधला सुरक्षेचा भाग वाचा. आत गेल्यावर बेडकडे किंवा बाथरूमकडे तोंड करून असलेली घड्याळं, चार्जर, स्मोक डिटेक्टर यांच्यावर अंधारात टॉर्च मारून बघा, लेन्स असेल तर बारीक चमकते. सापडला तर तोडफोड नको, फोटो काढा, बाहेर पडा, पोलीस आणि सपोर्ट दोघांनाही कळवा.

१८. चेक-आउटनंतर होस्ट म्हणतो टेबलाला ओरखडा पाडला, पैसे द्या. आम्ही पाडलाच नव्हता.

प्रश्न १६ मधला व्हिडिओ जागा चांगली असली तरी काढायचा, तो यासाठी. निघतानाही तसाच एक काढा, शेवटी दार लावून चावी ठेवतानाचा. एअरबीएनबीवर होस्टला चेक-आउटनंतर १४ दिवसांत क्लेम टाकता येतो आणि तुम्हाला उत्तर द्यायला २४ तास असतात, म्हणून घरी आल्यावरही नोटिफिकेशन बंद करून बसू नका. दुरुस्तीचं बिल, जुन्या वस्तूची वाजवी किंमत मागा. मुक्कामात काही फुटलंच तर त्याच दिवशी स्वतःहून सांगा, एक ग्लास फुटल्याचे पैसे बहुतेक कुणी घेत नाही, लपवलं तर मात्र संशय सगळ्यावर जातो.

रोख डिपॉझिट दारात मागितलं आणि ते लिस्टिंगमध्ये नव्हतं, तर देण्याआधी सपोर्टला विचारा.

१९. प्लॅटफॉर्मने हात वर केले. आता काही उरतं का?

कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचं पेमेंट उलटवून पैसे परत, मागता येतो. कारण नेमकं हवं: सेवा मिळालीच नाही, किंवा वर्णनाप्रमाणे नव्हती. मुदत बऱ्याचदा १२० दिवसांच्या आसपास असते, पण बँकेला लगेच विचारा. सोबत लिस्टिंगचे स्क्रीनशॉट, चॅट, व्हिडिओ, सपोर्टचं शेवटचं उत्तर. एक लक्षात ठेवा, चार्जबॅक टाकल्यावर प्लॅटफॉर्म तुमचं अकाउंट गोठवू शकतं, म्हणून आतले रस्ते संपल्यावरच हा. आणि पॉलिसीप्रमाणे बुडालेल्या पैशांसाठी (प्रश्न ११, १२) चार्जबॅक टाकून काही मिळत नाही.

२०. बुकिंग चौघांचं, पण भाऊ एक रात्र येऊन झोपला तर चालतं ना? आणि तान्हं बाळ मोजायचं का?

भावाचं आधी विचारा, मोठी माणसं वाढवली तर पैसे वाढतात आणि न सांगता आला आणि दारावरच्या कॅमेऱ्यात दिसला तर मुक्काम रद्द व्हायचं कारण आयतं मिळतं. दिवसा भेटायला येणाऱ्यांवरसुद्धा काही घरांत बंदी असते. बाळाचं म्हणाल तर एअरबीएनबीवर दोन वर्षांखालची मुलं पाहुण्यांच्या कमाल संख्येत धरत नाहीत, पण सांगा जरूर, पाळणा आहे का, बाल्कनीचा कठडा कसा आहे हे त्या निमित्ताने कळतं.

२१. खरं लिहिलं तर होस्ट माझ्याबद्दलही वाईट लिहील, मग पुढच्या वेळी कुणी घर देणार नाही. गप्प बसू का?

एअरबीएनबीवर दोघांनाही १४ दिवस असतात आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच रिव्ह्यू एकदम दिसतात, त्यामुळे तुमचं वाचून बदला घेता येत नाही. "बेकार जागा" असं लिहू नका, "चौथा मजला, लिफ्ट नाही, गरम पाणी दहा मिनिटांत संपतं, रस्त्याकडच्या बेडरूममध्ये रात्री दोनपर्यंत आवाज" असं लिहा. रिव्ह्यू चांगला दे, रिफंड देतो, असा सौदा कुणी केला तर तो स्क्रीनशॉट काढून सपोर्टला पाठवा, हे प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही.